बारा आकडे

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५. सकाळी १० वाजून ४० मिनिटे.
दुकानात. एका दंतवैद्याचा रबरी शिक्का साच्यात दाबून ठेवला आहे, तो निघायला अकरा मिनिटं लागतात.

ताई,

हे पाकीट उघडल्यावर रिकामं समजून फेकू नकोस. आत पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावलेलं नखाएवढं कार्ड आहे. पट्टी डावीकडून ओढ, उजवीकडून ओढलीस तर कार्डही सोबत येईल.

तुझा पत्ता तुझ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून घेतला. तिने तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्यांदा दिला तो "एकच पत्र लिही, उत्तर नाही आलं तर गप्प बस" या बोलीवर. तिच्यावर रागावू नकोस.

मुद्दा असा, की आपला मोटारींचा खेळ पुन्हा चालू झाला आहे.

कंपनीने सर्व्हर बंद केले तेव्हा आपण, म्हणजे सगळेच, समजलो की संपलं. पण काही लोकांनी आपल्या खिशातून तसाच एक सर्व्हर उभा केला आहे. आपलं मशीन पूर्वीसारखंच विचारतं, कंपनी आहे का? आणि हे लोक म्हणतात, हो, बोला. बिचाऱ्या मशीनला काही कळत नाही. हे सगळं जो सांभाळतो त्याला सर्वजण रखवालदार म्हणतात. तो बेकरीत कामाला आहे. पहाटे पाव भाजतो आणि दुपारी सर्व्हर बघतो. मी त्याला सतरा शंका विचारल्या, त्याने सतराही उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "भाऊ, तुम्ही खेळणार आहात की परीक्षेला बसणार आहात?"

आता कृती. तुझं मशीन तू सोबत नेलं होतंस, ते अजून असेल असं धरून लिहितो. हल्लीच्या टीव्हीला तीन रंगांच्या वायरींची भोकं नसतात, म्हणून वेगळ्या डब्यात अडॅप्टर पाठवला आहे. तो आधी टीव्हीला लाव, मग मशीनला. वायफायच्या नावात शेवटी ५ असेल तर ते चालणार नाही, आपलं मशीन जुनं आहे, त्याला साधंच वायफाय ओळखता येतं. कार्ड पुढच्या झडपेत, सोनेरी पट्ट्या खाली. मशीन चालू केल्यावर एक काळा पडदा येईल. घाबरू नकोस, चाळीसपर्यंत मोज. मग खेळ उघडून नवीन खेळाडू तयार कर. जुना चालणार नाही. पहिल्यांदा सर्व्हरशी जोडलं गेलं की तुला बारा आकड्यांचा नंबर मिळेल.

तो नंबर मला कळव आणि माझा तुझ्या यादीत घाल. माझा आहे ४१७२ ०९५३ ६६८१. तुला आठवत असेल, एकट्याने घालून भागत नाही. दुसऱ्याने घालेपर्यंत नाव राखाडी दिसतं. दोघांनी घातलं की निळं होतं.

रविवार, १६ तारीख, दुपारी चार. जमलं तर.

बाबा ठीक आहेत, गुडघा सोडून. आत्या हल्ली आमच्याकडेच असते. तुझं नाव घरात निघत नाही असं नाही, आत्या काढते. बाबा तेव्हा पेपरचं पान उलटतात. या पत्राबद्दल त्यांना सांगितलेलं नाही.

तू घर सोडून गेल्यावर रविवारी मी खेळात आलो नाही, कारण माझं मशीन बिघडलं होतं. ते तुला कळवायला हवं होतं. राहून गेलं.

शिक्का झाला असणार. मालक इकडे बघत आहेत.

तुझा भाऊ


रविवार, १६ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटे.
घरी. मशीनच्या वायरी गुंडाळून ठेवत होतो.

ताई,

बुधवारी तुझं पोस्टकार्ड मिळालं. बारा आकडे आणि बाकी एक अक्षर नाही. तरी आत्याने ते उलटसुलट करून पाहिलं, दिव्यासमोर धरलं आणि म्हणाली, "दाब देऊन लिहिलंय. राग आहे अजून, पण हात धडधाकट आहे हो पोरीचा." हसावं की काय करावं कळेना.

कुठे काही चुकू नये म्हणून मी गुरुवारी अर्धी रजा काढली. मशीनवरचं सगळं पुसून टाकलं आणि तुला लिहिलेल्या पत्राची कच्ची प्रत समोर ठेवून पहिल्या पायरीपासून पुन्हा केलं, जणू मीच तू आहे. दोन ठिकाणी मी जरा कमी लिहिलं होतं, पण अडेल असं काही नव्हतं. मग नवा खेळाडू करून तुझा नंबर घातला. तीन वेळा ताडून पाहिला.

आज तीन वाजताच बसलो. चार वाजले. तुझं नाव राखाडी. सव्वाचारला मी वायफायचा डबा बंद करून चालू केला. साडेचारला आत्याने चहा आणून ठेवला आणि मुकाट्याने निघून गेली. ती मुकाट्याने जाते म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल याची कल्पना कर. मी साडेपाचपर्यंत थांबलो. यादीत एकच नाव आणि ते राखाडी.

तू आली नाहीस. मला समजतं. मी तुझ्या जागी असतो तर मीही आलो नसतो. फक्त मग नंबर कशाला पाठवलास, हे विचारावंसं वाटतं. विचारण्याचा हक्क नाही, ते माहीत आहे.

त्या वेळी मशीन बिघडलं नसतं तर गोष्टी इतक्या लांबल्या नसत्या. पण आता त्याचं काय.

अडॅप्टर ठेवून घे. परत पाठवायची तसदी घेऊ नकोस.

तुझा भाऊ


मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५. सकाळी ८ वाजून ५ मिनिटे.
स्वयंपाकघराच्या टेबलावर. तुझं पत्र समोर उघडं आहे. दुकानात अर्धा तास उशिरा येतो असा निरोप दिला आहे. सहा वर्षांत पहिल्यांदा.

ताई,

काल तुझं पत्र आलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं. तुझीच वाक्यं इथे उतरवतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतो आहे ते नीट राहील.

तू लिहितेस, "तपासनीस, मी त्या रविवारी चार ते पावणेसहा बसले होते. तुझं नाव राखाडी. मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. मशीन उचलून कचऱ्यात टाकणार होते, ह्यांनी हातातून घेतलं. मग तुझं पत्र आलं. गाढवा, गुरुवारी सगळं पुसलंस असं स्वतःच लिहितोस! नवा खेळाडू केलास म्हणजे नंबर नवा मिळाला. मी घातलेला तुझा नंबर गुरुवारीच मेला होता. जगातली प्रत्येक गोष्ट तीन वेळा तपासतोस आणि स्वतःचा नंबर एकदाही पाहिला नाहीस?"

नाही पाहिला. पत्र वाचून पळतच मशीनकडे गेलो. माझा नंबर आता २८०६ ७४४१ १९३५ आहे. मला तो पाठ आहे असं समजून मी त्या कोपऱ्याकडे बघितलंच नव्हतं. दोघं एकाच वेळी, आपापल्या घरी, एकमेकांची राखाडी नावं बघत बसलो होतो. आत्याला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "दोघंही बापावर गेलात," म्हणाली.

पाच वर्षांनी तू मला तपासनीस म्हटलंस. दप्तरात पेन्सिली मोजून मगच शाळेला निघायचो म्हणून तू ठेवलेलं नाव. 

मग पुढचं वाचलं. "आता एक विचारते. अडॅप्टर, कार्ड, कुठल्या बाजूने चिकटपट्टी ओढायची हेसुद्धा तू लिहिलंस. पाच वर्षांपूर्वी तुझं मशीन बिघडलं होतं, असं दोन्ही पत्रांत लिहिलंस. त्यातलं नेमकं काय बिघडलं होतं ते एकदाही लिहिलं नाहीस. हे तुझ्या स्वभावात बसत नाही. उत्तर दे, मग येते की नाही ते ठरवीन."

काही बिघडलं नव्हतं.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी चार वाजता मशीन चालू केलं होतं. दारातून निघताना तू म्हणाली होतीस, फोन करायला जमणार नाही तुला, बाबा असतील, पण खेळात ये, बोलू नकोस, नुसता ये. मी आलो होतो. तुझं नाव निळं झालं, तू शर्यतीला बोलावलंस, तो घंटेचा आवाज झाला. मी आधी टीव्हीचा आवाज कमी केला. मग मशीन बंद केलं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी चारला मी बंद मशीनसमोर बसायचो. घरात असून नसल्यासारखा. आठ महिन्यांनी कंपनीने सर्व्हर बंद केले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. यात खाडाखोड करणार नाही.

का बंद केलं तेही लिहितो. तू बुधवारी सकाळच्या गाडीने जाणार हे बाबांना मी सांगितलं. सोमवारी, ते दाढी करत असताना. मी सांगितलं म्हणून त्यांनी तुझी प्रमाणपत्रं कपाटात घालून कुलूप लावलं आणि तू त्यांच्यावाचून गेलीस. ते कागद नव्हते म्हणून तुला प्रयोगशाळेत घेतलं नाही आणि दीड वर्ष तू गोदामात खोकी भरलीस, हे तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. मला वाटायचं, खेळात आलो की तू कशीतरी विचारशील, कुणी सांगितलं? आणि मला खोटं बोलता येत नाही. बघ, पत्रात आलं की नाही मला खोटं बोलता. समोरासमोर येत नाही, एवढंच.

मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं की ज्यांच्याशी तू लग्न करणार होतीस ते क्रेनवाले आपल्याला नीट माहीत नाहीत, बाबा फक्त तुला समजावतील. ते कारण नव्हतं. कारण असं की आई गेल्यावर माझा अभ्यास, माझं जेवण, माझी भीती सगळं तू बघायचीस. नववीत नापास झालो तेव्हा निकाल तूच आधी बाबांना दाखवलास. तू गेलीस तर त्या घरात मी आणि बाबा दोघंच. मी तुझ्यासाठी नाही सांगितलं. माझ्यासाठी सांगितलं.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर बाबांना म्हणालो, ताईची प्रमाणपत्रं द्या, मला तिला पाठवायची आहेत. चार दिवस वाक्य पाठ करत असल्यासारखं म्हणालो, खरं तर चार तासच झाले होते. बाबांनी पेपर खाली केला.

"घे की," म्हणाले.

"किल्ली?"

"कपाटालाच आहे."

"कधीपासून?"

"ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मला वाटलं होतं, तू काढून तिला पाठवशील. तुझं तिचं गूळपीठ. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. मग म्हटलं, तिलाच नको असतील."

"तुम्ही पाठवायची होती."

"होती," म्हणाले. पुन्हा पेपर वर केला. पण पान उलटलं नाही, मी बघत होतो.

आत्या आतून ओरडली, "एक कुलूप, उघडी किल्ली आणि दोन बुद्धिमान पुरुष! मला कुणीतरी विचारायचं होतंत."

सगळी अकरा प्रमाणपत्रं नोंदणी टपालाने पाठवतो आहे. मध्ये पातळ कागद घातले आहेत. आता ती तुझ्या उपयोगाची नसतील. तरी तुझी आहेत.

माझा नंबर पुन्हा लिहितो. २८०६ ७४४१ १९३५. मशीनला मी हात लावणार नाही. मशीनवरची धूळसुद्धा पुसणार नाही.

मी ९ मार्चला चार वाजता बसेन. त्याच्या पुढच्या रविवारीही. तू ये म्हणून नाही लिहीत. मी तिथे असेन एवढंच कळवतो.

तपासनीस


सोमवार, १० मार्च २०२५. दुपारी १ वाजून २० मिनिटे.
दुकानात, जेवणाची सुट्टी. मालक गिऱ्हाइकाला पितळी पाट्यांचे दर सांगत आहेत.

ताई,

तुझं छोटं पत्र शनिवारी आलं होतं. उत्तर कालच्या नंतर लिहायचं असं ठरवलं, कारण आधी लिहिलं तर काहीतरी अशुभ होईल असं वाटलं. हस.

"बाबांना तू सांगितलंस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. बुधवार फक्त तुला माहीत होता. रविवारी कशाला येत होते असं वाटतं तुला? तू कधीतरी सांगशील म्हणून. खेळात बोलता येत नाही हे ठाऊक होतं, पण तू नुसता आला असतास तरी मी समजले असते." हे तू लिहिलंस ते मी पाकिटात ठेवून पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आहे. मी ज्या प्रश्नाला घाबरून आठ महिने लपलो, तो तू विचारणारच नव्हतीस.

"राग संपलेला नाही, तो माझा मी संपवीन, तू त्यात लुडबुड करू नकोस." बरं.

आणि दहावीच्या गुणपत्रिकेच्या मागे आईची सही आहे हे मला माहीत नव्हतं. अकरा कागद मोजले, एकही उलटून पाहिला नाही. तू नंतर काढून घेतलेल्या नकलेवर ती नसणारच. ती तू भिंतीवर लावलीस, हे बरं केलंस.

काल तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तुझं नाव निळं झालं. मी ओरडलो असणार, कारण आत्या पळत आली. खेळात बोलायला ती वीसेक ठरावीक वाक्यंच आहेत. तू "तयार?" दाबलंस. मला "तयार" सापडेना, घाईत "माझी गाडी नवी आहे" दाबलं गेलं. माफ कर.

बारा शर्यती झाल्या, नऊ तू जिंकलीस. पाचव्या शर्यतीपर्यंत बाबा खिडकीशी पेपर धरून बसले होते. मग खुर्ची सरकवत सरकवत टीव्हीपाशी आले.

"ती निळी म्हणजे ती का?"

"हो."

"वळणावर ब्रेक दाबत नाही अजून."

"नाही."

"तरी पुढे आहे."

"तरी पुढे आहे, बाबा."

अकराव्या शर्यतीत मी जिंकत होतो. शेवटची रेषा दहा हातांवर आणि तू रेषेजवळच्या वळणावर आधीच तेल सांडून ठेवलं होतंस. गाडी गरागरा फिरली. बाबा चक्क हसले. आत्याने माझ्या पाठीत धपाटा घातला, का ते तिलाच माहीत. तुझ्याकडे कोण हसलं ते कळायला मार्ग नाही, पण दाजी शेजारी असणार असं गृहीत धरतो. तू रागावून लिहिलं होतंस ना, क्रेनवाले काय म्हणतोस, पाच वर्षं झाली, दाजी म्हण. म्हटलं.

शेवटी तू "पुन्हा भेटू" दाबलंस. ते ठरावीक वाक्य आहे, त्याला दुसरा पर्यायच नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवतो.

तू पत्रात पाचशे घातलेस आणि लिहिलंस, "उपकार नकोत. खर्च किती झाला तो लिही, निम्मा माझा." मी आधी लिहिणार होतो की राहू दे. मग विचार केला, निम्मा तुझा म्हणजे खेळ दोघांचा. म्हणून काल संध्याकाळी सगळ्या पावत्या काढून हिशेब मांडला. बाबांनी तो मागून घेतला, चष्मा लावला, बेरीज दोनदा तपासली आणि शेवटची ओळ स्वतः सांगितली. मी ती त्यांच्या शब्दांत उतरवली आहे.

टीव्हीचे अडॅप्टर, दोन: ६२०
मेमरी कार्डे, दोन: ३६०
टपाल, आजचे धरून, नोंदणीसह: २६४
रखवालदाराच्या सर्व्हरला वर्षाची वर्गणी, दोघांची: ५००
(माझ्या मशीनच्या घड्याळाचा सेल, ४०, हा माझा खासगी खर्च, धरलेला नाही.)
एकूण खर्च: १७४४
निम्मा तुझा: ८७२
तुझ्याकडून मिळाले: ५००
तुझ्याकडून येणे: ३७२. हे टपालाने घेतले जाणार नाहीत. घरी आणून द्यावेत, दोघांनी यावे.